इंजिनावरचं ओलं फडकं

दुष्काळ सरला त्या वर्षीच्या पावसाळ्यात आई नगरच्या इस्पितळात होती. पोटात गाठ होती. पुण्याचे सर्जन आठवड्यातून एकदाच, बुधवारी, नगरला येत आणि दुपारपर्यंत ऑपरेशनं आटोपून परत जात. त्या बुधवारी आईचा नंबर होता. मावशी तिच्याजवळ होती, पण आईने बाबांना बजावून ठेवलं होतं, "तुम्ही दोघं समोर दिसल्याशिवाय मी आत जाणार नाही. डॉक्टरांना काय म्हणायचं ते म्हणू दे." ती एकदा असं म्हणाली की तसंच करायची.

बाबा साखर कारखान्यात नोकरीला होते. कारखान्याने जुनी मोटार आणि ड्रायव्हर दिला. मी बोर्डिंगच्या इंग्रजी शाळेतून नुकतीच घरी आले होते. चारचौघांत मराठी बोलताना माझे शब्द पुस्तकी येत आणि लोक हसत, म्हणून मी सहसा बोलतच नसे. आईसाठी घेतलेल्या कपड्यांची पिशवी मांडीवर धरून मी मागच्या सीटवर बसले होते.

कोल्हारच्या अलीकडे रस्त्याच्या खोलगट भागात पाणी साचलं होतं. गाडी त्यातून वेगाने गेली, बॉनेटवर पाणी उडालं. गावात शिरता शिरता इंजिन खोकू लागलं आणि एका चहाच्या टपरीसमोर बंद पडलं.

"तापली," ड्रायव्हरकाका म्हणाले.

त्यांनी आमच्या भागातल्या उन्हात आणि फुफाट्यात उभं आयुष्य गाडी चालवली होती. इथे गाडी थांबली की कारण एकच असायचं. पेट्रोलचा पंप तापतो, पेट्रोल वर चढत नाही. मग त्यावर ओलं फडकं टाकायचं, बॉनेट उघडं ठेवायचं, विडी ओढायची. हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक होतं, बाबांनासुद्धा. काकांनी तेच केलं. सीटखालचं फडकं डबक्यात बुचकळलं आणि पंपावर घातलं. उघड्या इंजिनावर पाऊस पडत राहिला.

टपरीतली माणसं बाकावरून बघत होती.

"ड्रायव्हर, आजून एक बादली देऊ का? आंघोळच घाला तिला!"

"हसू नका, पाव्हनं. थंड झाली की लगेच निघती."

"आवो, आमी सवता गारठलोय हितं. गाडीच कशी तापती?"

"इंजिनाला काय ठावं, भायेर पाऊस हाय का ऊन!" काका म्हणाले.

सगळे हसले. बाबाही थोडं हसले, आणि ते मला सोसवेना. मी काच जराशी खाली केली. "बाबा, पाण्यात गेल्यावरच बंद पडली ना?"

"ताई, मिशनच्या शाळेत मोटारीबी शिकिवत्यात व्हय?" काका म्हणाले. ते प्रेमानेच म्हणाले होते. पण बाकावरची सगळी तोंडं माझ्याकडे वळली. बाबा म्हणाले, "तू आत बस. भिजशील." मी काच वर केली.

तेवढ्यात मनमाडहून नगरला जाणारी एसटी आली. बाबा हात वर करणार होते. काका म्हणाले, "धा मिन्टं सायेब. एसटीच्या आदी पोचवतो." बाबांचा हात खाली आला. एसटी पूल ओलांडून गेली.

काकांनी हँडल मारलं. पुन्हा मारलं. फडकं पुन्हा ओलं केलं. मग पेट्रोलमध्ये कचरा असेल म्हणून कार्बोरेटर खोलला. पेट्रोल स्वच्छ होतं, वरपर्यंत येतही होतं. ते हाताला लागल्यावर काकांनी पंपावरचं फडकं काढून टाकलं. मग त्यांनी एका प्लगची वायर काढली, इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि बाबांना हँडल मारायला लावलं. ठिणगी पडेना.

"करंटच न्हाई," ते हळूच म्हणाले. प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची काळी टोपी त्यांनी काढून उपडी केली. आत पाण्याचे थेंब होते. टपरीत आता कोणी हसत नव्हतं.

पुसायला कोरडं काहीच नव्हतं. फडकं ओलं, बाबांचा रुमाल ओला, काकांचा सदरा अंगाला चिकटलेला. मी पिशवीतून आईचं धुतलेलं लुगडं काढलं आणि काच खाली करून बाहेर दिलं. काकांनी ते घेताना माझ्याकडे पाहिलं नाही. बाबांनी छत्री धरली. टोपी पुसली, वायरी पुसल्या, आणि पहिल्याच हँडलला गाडी सुरू झाली.

नगरला पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती.

इस्पितळाच्या व्हरांड्यात मावशी उभी होती. "तीनदा बोलावलं तिला," ती म्हणाली. "हटूनच बसली. शेवटी तिच्या जागी दुसऱ्या बाईला घेतलं. सर्जन मघाशीच गेले."

आई खाटेवर बसली होती, ऑपरेशनसाठी दोन घट्ट वेण्या घातलेल्या, हातातल्या बांगड्या उतरवलेल्या. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला. "मी त्यांना सांगत होते, येतील म्हणून," ती म्हणाली. "किती भिजलात. आधी चहा घ्या."

पुढच्या बुधवारी तिला ताप होता. त्याच्या पुढच्या बुधवारी सर्जननी पोट दाबून पाहिलं आणि बाबांना बाहेर बोलावून सांगितलं की आता उघडण्यात अर्थ नाही. एका आठवड्याने काही फरक पडला असता का, हे बाबांनी त्यांना विचारलं नाही. मीही बाजूलाच उभी होते. मीही विचारलं नाही.

त्याच मोटारीने आम्ही तिला घरी आणलं. पाऊस थांबला होता. कोल्हारला काकांनी गाडी हळू केली, पण टपरीशी थांबवली नाही.