बाहेरून कडी

सरदारांच्या बंगल्यामागच्या जुन्या पागेत आता पाहुण्यांसाठी खोल्या होणार आहेत. त्याआधी एकदा बघून घ्यावी म्हणून दुपारी गेलो. दगडी कमानींची देखणी रांग, पाणी वाहून जावं म्हणून उतरती फरशी, आणि खिडक्या मात्र माझ्याही डोक्याच्या वर.

"बाहेरचं दिसलं की जनावर बिथरतं," दाजीबा म्हणाले. त्यांचा अवघा जन्म इथल्या घोड्यांमागे गेला.

मी एकटाच घोड्यांच्या शेवटच्या खोलीत शिरलो. बांधणाऱ्याने वाऱ्याचा, उताराचा, सावलीचा किती मायेने विचार केला होता! आतल्याला कधी बाहेर पडावंसं वाटेल, एवढं मात्र त्याच्या मनात आलं नसावं. ती माया मला एकाएकी नकोशी झाली.

तेवढ्यात दार लागलं. आत कुणी गेलं की कडी घालायची, ही दाजीबांच्या हाताची सवय.

"अहो, मी आत आहे!"

त्यांना ऐकू कमी येतं. वहाणा करकरत लांब गेल्या. अंधुक उजेडात मी दाराची आतली कडी चाचपू लागलो. कडी नव्हतीच. माझ्या छातीच्या उंचीवर, लाकडात खोलवर, नुसत्या दातांच्या खुणा होत्या.