कूलरपुढच्या चपला

जेवण अंमळ जास्तच झालंय आणि कूलरचा वारा थेट तोंडावर येतोय, तेव्हा मुकुंद भोयरचे डोळे मिटायला लागणं साहजिकच आहे. मे महिन्यातली वर्ध्याची दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. रबरी चपला त्याने नेहमीसारख्या पायानेच भिरकावल्यात, एक खाटेखाली गेलीय, दुसरी पार दारापाशी. आणि आता हे गृहस्थ उशीवर डोकं टेकून स्वतःच्याच कर्तबगारीकडे कौतुकाने बघतायत. इलेक्ट्रिशियनला उन्हाळ्यात भाव चढतो, उद्या येतो म्हणतो आणि येत नाही. शेवटी काल मुकुंदने मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वतःच कूलरसाठी नवा बोर्ड बसवला. बटण दाबलं आणि कूलर पहिल्या झटक्यात सुरू झाला. तेव्हापासून नवा टेस्टर त्याच्या खिशाला पेनासारखा लटकतोय.

आत बायको, वैशाली, भांडी आवरतेय. भांड्यांचा आवाज लांब जातो, आणखी लांब जातो, आणि मग तो भांड्यांचा राहत नाही. बांगड्यांचा होतो.

खाटेच्या पायथ्याशी सिंधूआत्या उभी आहे.

आत्याने मुकुंदला लहानाचा मोठा केला आणि गेल्या पोळ्याच्या सुमारास ती काविळीने गेली. हे त्याला झोपेतही पक्कं ठाऊक आहे. लुगडं तिचं नेहमीचंच आहे. पण पाय अनवाणी आहेत, ओले आहेत, आणि फरशीवर तिच्या पावलांभोवती पाणी साचत चाललंय.

"मुकुंदा, तुह्या चपला दे," ती म्हणते.

गेलेलं माणूस स्वप्नात काही मागायला लागलं तर द्यायचं नाही, दिलं की देणाराही त्याच्यामागे जातो, हे मुकुंदला शिकवलंय ते याच आत्याने. दिवेलागणीला ती असल्या गोष्टी रंगवून सांगायची आणि तो पांघरुणात शिरायचा. आता शिरायला पांघरूणही नाही. तो मान हलवून नाही म्हणतो. आत्या रागावत नाही. मग काय काम केलं ते तरी दाखव, म्हणते.

ती दोघं विजेच्या सामानाच्या दुकानात उभी आहेत. काउंटरमागे कोणी नाही. छतापर्यंत वायरीची बंडलं रचलीत आणि सगळीच्या सगळी हिरवी आहेत. आत्या एकेका बंडलावरून हात फिरवते आणि विचारते, ही कुठं लावली?

मुकुंद सांगायला लागतो. कूलरच्या वायरीतून तीन तारा निघाल्या, लाल, काळी आणि हिरवी. भिंतीतून मात्र दोनच आल्या, जुन्या, दोन्ही काळ्या. हिरवी म्हणजे अर्थिंगची. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला तर तिच्यातून जमिनीत जावा म्हणून ती असते, एवढं व्हिडिओत होतं. पण घराला अर्थिंगच नाही. मग ती लोंबती कशाला ठेवायची म्हणून त्याने बोर्डातच एका काळ्या तारेला ती गुंडाळून टाकली.

"कोन्त्या काळीले?"

"कोन्त्याही. पंखा कसाही फिरते, आत्या."

"एकीत करंट असते न बाप्पा. कोन्तीत, ते पायलं का?"

खिशातला टेस्टर एकदम जड होतो. काल दिवसभर तो मिरवला, बोर्डाला लावायचं काही सुचलं नाही. कूलरला हात लावून बघितला होता, काही झालं नाही, असं तो घाईघाईने सांगतो.

"तवा पायात काय होतं?"

तो खाली बघतो. पायात चपला आहेत. चपलांखालून पाणी वाहतंय, आणि ते दुकान नाही, पवनारची धाम नदी आहे. इथेच त्याने आत्याच्या अस्थी सोडल्या होत्या. नदीच्या मधोमध कूलर उभा आहे आणि जोरात फिरतोय. त्याची वायर काठावरून येत नाही, पाण्यातूनच वर आलीय. आणि पलीकडून वैशाली पदर खोचून, बादली घेऊन, अनवाणी कूलरकडे चाललीय.

मुकुंदला ओरडायचंय. तोंड उघडतं, आवाज फुटत नाही. आत्याचा ओला हात पुन्हा पुढे येतो.

"चपला दे."

त्याला मरायचं नाहीये. इतकी भीती त्याला कधी वाटलेली नाही, आणि जिच्या कुशीत सगळी भीती जायची तिचीच वाटावी, याचं त्याला रडू येतं. तो कसाबसा म्हणतो, "मी नाही येत तुह्यासंग."

"तुले कोन नेऊन रायलं?" आत्या म्हणते. "मले नाही पायजे. तिले पायजे."

तो चपला काढतो. तळव्यांना गार गोटे लागतात. आत्या चपला उचलते, छातीशी धरते आणि पाण्यात शिरते.

मुकुंद जागा होतो तेव्हा कूलर बंद आहे. टाकीतून झिरपलेलं पाणी फरशीवर पसरलंय. त्या पाण्यात वैशाली उभी आहे, डावा हात कूलरच्या पत्र्यावर टेकवून, उजव्या हाताने बादली ओतत.

तो खाटेवरून उडी मारतो ती थेट दाराजवळच्या मेन स्विचवर. खटका खाली पडतो.

"हात काढ," तो म्हणतो.

"अहो, बटन बंद करूनच पानी टाकून रायली न मी," वैशाली म्हणते. तरी ती हात काढते आणि बोटं चोळते. मघापासून मुंग्या येत होत्या, तिला वाटलं कामाने आल्या असतील.

बटणाने फक्त लाल तार तुटते. हिरवी बटणातून गेलेलीच नाही, करंटच्या काळीवरून ती सरळ पत्र्याला जाते. हे मुकुंदला आत्ता, उभ्या उभ्या कळतंय. मग त्याचं लक्ष तिच्या पायांकडे जातं. तिच्या पायांत त्याच्या चपला आहेत, टाचेमागे चांगली दोन बोटं उरलेल्या.

"ह्या कुठं भेटल्या तुले?"

"कुठं म्हंजे? इथंच होत्या, कूलरपुढं. खाली पानी होतं, म्हनून घातल्या." बादली खाली ठेवून ती हसते. "नीट जोडून ठेवल्या होत्या, कूलरकडं तोंड करून. तुमाले कधीपासून एवढी शिस्त लागली?"