आज्याचा पटका

निजामाचं राज्य गेलं, चारठाण्यात टोप्या बदलल्या, पण मधमाश्या पाळणाऱ्या त्या माणसाच्या डोक्यावर आज्याचाच पटका राहिला. हा आजा म्हणजे आईचे वडील. त्यांनीच त्याला वाढवलं. बाप कोण, ते गावाला ठाऊक नव्हतं. काहीही विचारा, तो आधी "हां" म्हणायचा, मग सावकाश उत्तर द्यायचा.

एकदा पेटी उघडून त्यानं आम्हाला जाड माश्या दाखवल्या. "हे नर. राणीच्या न फळलेल्या अंड्यातून निपजतेत. ह्यायला बाप नसतो."

"तुझ्यावानीच की," कुणीतरी हसत म्हणालं.

"हां. पण राणी फळलेल्या अंड्यातली. तिला बाप हाय. म्हंजे नराला आजा असतो."

त्यानं दोन्ही हातांनी पटका सारखा केला आणि पुढची पेटी उघडली.