साबणाने धुतलेलं पारडू

आमच्या नावड्याकडच्या गावात थंडी फार नसते. ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची. घरात थर्मामीटर नव्हता, त्यामुळे अंशात सांगता येणार नाही. पण पौषात दिवस मावळला की खाडीकडून गार वारा यायचा, कोंबड्या न हाकलता खुराड्यात शिरायच्या आणि कुत्रा चुलीजवळच्या राखेत अंग मुडपून बसायचा. एवढी थंडी.

भाताची शेतं कारखान्यांसाठी गेली होती. मी त्यातल्याच एका कारखान्यात, स्टोअरला, मालाची मोजदाद करायला लागलो होतो. गोठ्यात एक म्हैस उरली होती, तीही गाभण. विकायचा विषय काढला की आई म्हणायची, "जमीन गेली, आता दावनपन रिकामी करतंस काय?"

त्या संध्याकाळी पोपटी लावायची होती, म्हणजे शेंगा मडक्यात भरून विस्तवात भाजायच्या होत्या. वालाच्या शेंगा, जाडं मीठ आणि मडकं अंगणात काढून ठेवून आई बांधावर भांबुर्ड्याचा पाला आणायला गेली. घरात माझी बायको एकटी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती लालबागच्या चाळीत वाढलेली. म्हैस तिने इतक्या जवळून पहिल्यांदा आमच्याच घरी पाहिली. मी कामावरून येऊन सायकल भिंतीला लावतोय, तोच ती गोठ्यातून धावत आली.

"अहो, व्याली ती! पण पिल्लाला जवळच येऊ देत नाही. ढुशी मारते."

जाऊन पाहिलं. पारडू काळं कुळकुळीत, कोरडं, आणि त्याला चंदनाच्या साबणाचा वास. म्हैस फुरफुरत दोर ताणत होती. पारडू धडपडत तिच्याकडे गेलं आणि तिने शिंगाने त्याला बाजूला लोटलं.

"अंगभर चिकट होतं ते," बायको म्हणाली. "थंडीने थरथरत होतं. चुलीवर पाणी गरम होतंच, म्हणून मागच्या दारी नेऊन आंघोळ घातली. स्वच्छ पुसलं पण."

एवढ्यात पाल्याचा भारा घेऊन आई आली. दारातच तिने नाक वर केलं.

"पारडाला न्हाऊ घातलास? कुठं लगनाला न्यायचा हाय त्याला?"

बायको हसली नाही. मीही नाही. व्यालेली म्हैस पिल्लाला वासावरून ओळखते, चाटून आपलं करते. तिने चाटलंच नाही तर सडाला लावणार नाही. पहिला चीक पोटात गेला नाही तर पारडू जगणं कठीण, आणि पारडू गेलं की म्हैस पान्हा चोरणार. शेजारच्या आळीत असं झालेलं मी पाहिलं होतं.

"मरेल का हो आई ते?" बायकोने विचारलं.

"मरंल कशाला? आन ता मीठ."

पोपटीचं मीठ आलं. आईने म्हशीखालचं ओलं, घाण झालेलं गवत मूठभरून उचललं आणि त्या स्वच्छ पारडाला डोक्यापासून शेपटीपर्यंत खसाखसा चोळलं. बायको बघतच राहिली. मग आईने मला दोर आखडून धरायला लावला, म्हशीचा थोडा चीक ओंजळीत काढला, पारडाच्या पाठीला फासला आणि वरून मीठ भुरभुरलं.

"आता त्याला तूच पुढं ने," ती बायकोला म्हणाली.

बायकोने पारडू दोन्ही हातांनी कवळून म्हशीच्या तोंडाशी नेलं. म्हशीने हुंगलं, फुसकारा टाकला, मान फिरवली. पुन्हा हुंगलं. मग तिची खरखरीत जीभ पारडाच्या पाठीवरून एकदा गेली. मिठाला चटावली असावी. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, आणि नंतर ती थांबेचना. चाटता चाटता घशातून हलकं रेकली. आईने पारडाचं तोंड सडाला लावलं, तेव्हा तिने पाय उचलला नाही.

पोपटीला उशीर झाला. विस्तवाभोवती बसलो असताना शेजारची काकी म्हैस बघायला म्हणून गोठ्यात डोकावून आली.

"काय गो, पारडाच्या कानाला साबनाचा वास येतंय?"

बायकोने मान खाली घातली.

"मीच धुतला," आई शेंग सोलत म्हणाली. "थंडी व्हती ना."

"म्हातारपनी याड लागला काय तुला?"

"लागला असंल. घे, शेंगा खा."

काकीने ती गोष्ट गावभर केली, आणि पुढे कितीतरी दिवस बायका पाणवठ्यावर आईची थट्टा करत राहिल्या. कोणी चुकीचं सांगितलं की दुरुस्त करायची मला खोड आहे. तेव्हा मी दुरुस्त केलं नाही. आई गेल्यावर बायकोनेच मला सांगितलं, की हे घर आपलं आहे असं तिला पहिल्यांदा त्या विस्तवापाशी वाटलं.