सात बरण्या रेती

आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर सात बरण्या आहेत आणि त्यातल्या एकीतही लोणचं नाही. सातही बरण्यांत रेती आहे. प्रत्येकीवर ठसठशीत अक्षरात चिठ्ठी आहे: नमुना एक, नमुना दोन, असं सातपर्यंत. पाहुणे विचारतात तेव्हा मी "तो आमचा समुद्र आहे" एवढंच सांगते आणि चहा ठेवायला वळते. आज चहा राहू दे.

गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी मला पोहायला सांगितलं तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या आमच्या टाउनशिपमधल्या तलावात सकाळी बायकांची बॅच असते. तलाव म्हणजे निळ्या फरशांचा, क्लोरीनच्या वासाचा. सुपेल्याच्या बाजारातल्या एका दुकानात मी पोहण्याचा पोशाख मागितला, तर दुकानदाराने विचारलं, "बेटी की हाइट कितनी है, आंटी?" मी म्हटलं, "बिलकुल मेरे जितनी," आणि त्याच्याकडचा सगळ्यात मोठा पोशाख घेऊन आले.

दोन उन्हाळ्यांत शिकले. नुसती शिकले नाही, मला चटक लागली. अडचण एकच होती. बावीस हात मारले की भिंत येते. अंग नुकतंच हलकं झालेलं असतं, डोक्यातली किराण्याची यादी कुठेतरी तळाशी गेलेली असते, आणि भिंत. वळा. पुन्हा बावीस, पुन्हा भिंत. मला एकदा, गुडघे साथ देतात तोवर, अशा पाण्यात पोहायचं होतं जिथे तेविसावा हात मारता येतो. एवढीच मागणी. दागिना मागितला असता तर लवकर मिळाला असता.

एका एप्रिलमध्ये जेवताना मी विषय काढला. आमचे हे तेव्हा प्लांटच्या फाउंड्रीतून नुकतेच निवृत्त झाले होते. रेतीचे साचे करायचे आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, आयुष्यभर हेच काम केलेलं.

"यंदा समुद्रावर जाऊ. मले पोहाचं आहे," मी म्हटलं.

"कोणत्या समुद्रावर?"

"कोणत्याही. मस्त रेती पाहिजे अन् पाणी पाहिजे."

माझी चूक तिथे झाली. मी पाणी आधी म्हणायला हवं होतं.

ह्यांचा हात वरणातच थांबला. निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर सकाळच्या शिफ्टचा उजेड आला. "रेती कशी पाहिजे?" त्यांनी विचारलं.

भिलाईत समुद्र नाही, पण समुद्राकाठची माणसं प्रत्येक सेक्टरमध्ये आहेत. आमच्याच गल्लीत समोर ओडिया, शेजारी तेलुगू, कोपऱ्यावर मल्याळी, मागे बंगाली. मे महिन्यात सगळे आपापल्या गावी जातात. ह्यांनी घरोघर फिरून प्रत्येकाच्या हातात एक रिकामी बरणी ठेवली आणि समजावून सांगितलं की रेती वरवरची नको, वीतभर खणून घ्या, पाण्याच्या रेषेजवळची घ्या. लोक गावाहून काजू आणतात, सुके मासे आणतात. आमच्यासाठी रेती येणार होती.

"पण ते लोक येतीन शाळा उघडल्यावर," मी म्हटलं. "तवा उन्हाळा संपला राहीन."

"यंदा नमुने येतीन. पुढच्या वर्षी जाऊ."

"अन् यंदाचा उन्हाळा?"

"उन्हाळा दरवर्षी येते," हे म्हणाले आणि बरण्यांची झाकणं तपासू लागले.

अशा रीतीने माझा एक उन्हाळा बावीस हातांत गेला. जूनअखेरीस बरण्या आल्या. मग व्हरांड्यात प्रयोगशाळा सुरू झाली. हे रेती मुठीत दाबायचे आणि मूठ उघडून ढेकूळ कसं मोडतं ते बघायचे. चिमूटभर रेती कानाशी नेऊन बोटांत चोळायचे, डोळे मिटून. माझ्या चांगल्या काचेच्या पेल्यात रेती ढवळून पाणी कधी निवळतं त्याची वाट बघायचे. शेवटी वर्तमानपत्रावर रेतीचा ढीग ओतून त्याचा उतार मुलीच्या शाळेतल्या जुन्या कोनमापकाने मोजायचे. त्या कोनमापकावर मी काय हसले म्हणून सांगू. तलावावर बायकांना मी सगळी नक्कल करून दाखवायची, कानाशी चिमूट नेण्यासकट, आणि आमची प्रशिक्षिका हसता हसता शिट्टी वाजवायची विसरायची.

माझं मन सहा नंबरवर बसलं होतं. तेलुगू शेजारणीच्या माहेरचा किनारा. मुलीने मोबाइलवर फोटो शोधून दाखवला तर पाणी ताटात ओतल्यासारखं शांत. ह्यांनी सहा नंबर चोळला आणि चिठ्ठीवर लिहिलं, "नाकारला."

"काहून नाकारला?"

"पिठासारखी रेती आहे. दोन नंबर पाहून घे. दाणा कसा आहे त्याचा." दोन नंबर ओडियांच्या गावचा, दोन टेकड्यांमधल्या खाडीचा.

"आपल्याले काय त्याच्यात लोखंड ओताचं आहे?"

मुलगी आतून म्हणाली, "पापा, आई को तैरना है, ढलाई नहीं करनी."

"तुमाले दोघींले काही समजून नाही राहिलं," हे म्हणाले आणि चार नंबर धुवायला घेतला.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. आरक्षण उघडायची वेळ आली तरी अंतिम निर्णय व्हायचा होता, कारण मनासारखी बारीक चाळणी मिळत नव्हती. ती खुर्सीपारला एका जुन्या सोबत्याकडे सापडली आणि हे स्कूटर काढून ती आणायला गेले. घरात मी, फळी आणि बरण्या. मी दोन नंबर परातीत ओतला, सहाची रेती दोनच्या बरणीत भरली, परातीतली सहाच्या बरणीत. झाकणं लावली, परात धुतली आणि शेंगदाणे भाजत बसले.

रविवारी सातही नमुन्यांची अंतिम चाचणी झाली. सहा नंबर पहिल्या वर्गात पास. दोन नापास. ह्यांनी दोन्ही चिमटी पुन्हा कानाशी नेल्या.

"मागच्या खेपेले हात वेगळंच सांगून राहिला होता," ते म्हणाले.

"हवा दमट होती तवा," मी म्हटलं. मला रंगमंचावर जायचं होतं लहानपणी. ते शिक्षण कुठेतरी कामी यायचंच होतं.

मे महिन्यात आम्ही तिघं दुर्ग स्टेशनवरून सहा नंबरच्या किनाऱ्याला निघालो. पोहोचलो त्या दुपारी किनारा रिकामा होता, पाणी फोटोतल्यापेक्षा शांत. मी तर खोलीतूनच पोशाख घालून, वर साडी गुंडाळून आले होते. ह्यांनी चपला काढल्या, वाकून मूठभर रेती उचलली, चोळली. मग माझ्याकडे बघितलं.

"ही दोन नंबर म्हणून पाहिली होती मी."

"असं कसं होईन?"

ते रेती पुन्हा चोळू लागले. मी साडी मुलीकडे फेकली आणि पाण्यात शिरले.

पाणी घोट्यापर्यंत. चालले. पोटरीपर्यंत. पुष्कळ चालले. मागे वळून बघितलं तर मुलगी काडीएवढी दिसत होती आणि पाणी गुडघ्यापर्यंत. ज्या गुडघ्यांसाठी हा सगळा खटाटोप, ते दोन्ही कोरडे राहिले नाहीत इतकंच. मी आडवी झाले, हात मारला, तो रेतीत रुतला. पाय मारला, तो आपटला. पोट घासत मी समुद्रात सरपटत होते आणि माझ्या बाजूने एक खेकडा माझ्यापेक्षा ऐटीत गेला.

परत आले तेव्हा हे रेतीत कोनमापक रोवून बसले होते. हो, कोनमापक प्रवासाला आलं होतं.

"जाड रेतीत पाणी जिरते," ते हळू म्हणाले. "लाट परत जाताना रेती ओढून नेत नाही. म्हणून तिथं किनारा उभा राहते, अन् चार पावलांवर पोहाजोगं पाणी भेटते. बारीक रेती बसते सपाट. कोसभर चाला."

मी उभीच. "म्हणजे तुमी माझ्यासाठी पाण्याची खोली पाहून राहिले होते?"

"मग काय ओतकामासाठी?"

"हे आधी सांगाचं ना."

"तू हसत होती," हे म्हणाले. "तलावावर नक्कलही करत होती म्हणे."

ते कोणी सांगितलं, मी विचारलं नाही. त्या रात्री मी भात कालवत बसले. राग कोणावर काढावा हेच कळेना, आणि अशा रागासारखा छळ नाही. एक वर्ष नमुन्यांची वाट बघण्यात घालवलं, ते त्यांचं. दुसरं परातीत घालवलं, ते माझं. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती.

सकाळी जाग आली तर हे खोलीत नव्हते. थोड्या वेळाने चहावाल्याकडे भरतीची वेळ विचारून आले. "चाल," ते म्हणाले, "आता भरलं आहे."

इथे एक सांगायला हवं. ह्यांना पोहता येत नाही आणि पाण्याशी त्यांचं वैर आहे. ओल राहिलेल्या साच्यात लोखंड ओतलं तर साचा फुटतो, माणसं भाजतात. आयुष्यभर ते ओलीला शत्रू समजत आले. घरी न्हाणीघराची फरशीसुद्धा पुसून बाहेर येतात. ते पँट दुमडून पाण्यात शिरले आणि चालत सुटले. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. मग दुमडलेल्या पँटचा काही उपयोग राहिला नाही. छातीपर्यंत गेल्यावर थांबले, दोन्ही हात वर धरून, जणू कोणी बंदूक रोखली आहे.

"इथं जमते तुले," ते ओरडले.

मी कमरेइतक्या पाण्यातून सूर मारला. हात बरोबर पडू लागले. आठव्याला त्यांचं पोट समोर आलं आणि सवयीने माझा हात टेकून वळायला गेला. इतक्या लांब येऊन पुन्हा भिंत, आणि तीही घरचीच. मी त्यांना वळसा घातला. नऊ, दहा, पुढे एकोणीस, वीस, आणि गुडघा रेतीवर आपटला. उभी राहिले तर पाणी पोटरीएवढं.

"काय झालं?" हे मागून ओरडले.

"संपला तुमचा समुद्र."

"संपला नाही. बांध आहे तो रेतीचा. त्याच्या पल्याड खोल आहे, लाट नाही फुटून राहिली तिथं. तिथली मूठभर आण, पाहू."

मी वाकून बांधावरचीच मूठभर घेतली आणि त्यांच्याकडे पोहत निघाले. मूठ बंद ठेवून पोहता येत नाही. मी वाकडी जाऊ लागले, तशी मूठ उघडली.

"सांडली," मी म्हटलं.

"पुन्हा जा," हे म्हणाले. अजून हात वरच होते.

पुन्हा गेले. पुन्हा सांडली. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा मी बांधावर थांबलेच नाही; चालत ओलांडला आणि पलीकडच्या हिरव्या पाण्यात आडवी झाले. पाय खाली सोडून बघितला, तळ लागला नाही. किनाऱ्याला समांतर वळले आणि मोजायला लागले. वीस. एकवीस. बावीस. समोर नुसतं पाणी.

तेवीस.

"रेती," मागून आवाज आला, "रेती आण म्हटलं ना."