छातीवरच्या तीन थापा

माझी नात मोबाइलवर मीच दिग्दर्शित केलेला जुना भुताचा सिनेमा बघून हसत होती. "आजोबा, हे भूत छाती का बडवतंय?" असं म्हणत तिने तो तुकडा पुन्हा लावला.

आमचं भूत म्हणजे दत्ताराम. रबरी मुखवट्यात त्याला धड श्वास घेता येत नसे, म्हणून आम्ही एक खूण ठरवली होती. जीव गुदमरला, की छातीवर तीन थापा. त्या दिवशी कॅमेऱ्यात फिल्मचा शेवटचा तुकडा होता. दत्तारामने तीन थापा मारल्या. कॅमेरामनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चालू दे." दत्तारामने पुन्हा तीन थापा मारल्या आणि तो कोसळला. मुखवटा आम्ही फाडूनच काढला. तो वाचला, पण पुन्हा कधी शूटिंगला आला नाही. मी मात्र "गडी फारच रंगात आला होता" असं म्हणत हा किस्सा वर्षानुवर्षं लोकांना हसवायला सांगितला.

स्वस्तातल्या सिनेमात खोटं काही लपत नाही. उडणाऱ्या कवटीची दोरीसुद्धा दिसते, म्हणून लोक हसतात. त्याच हसण्याआड एखादी खरी गोष्ट मात्र बेमालूम लपून जाते.

आज पहिल्यांदा नातीला सगळं खरं सांगितलं. तिने तुकडा पुन्हा लावला. या वेळी ती थापा मोजत होती.

"सहा," ती म्हणाली. मग मोबाइल पालथा ठेवून तिने विचारलं, "ही खूण ठरवली कुणी होती?"

"मीच."