सरुबाईने ताबा सोडला नाही

सरुबाई हट्टी आहे, असं कमलनगरात सगळेच म्हणतात. म्हणणाऱ्यांत वीरभद्रप्पा पहिला. दहा वर्षांपूर्वी त्यानेच तिला जागा विकायचा करार रजिस्टर करून दिला, बरेचसे पैसे घेतले, ताबाही दिला. तिने घर बांधलं, पिठाची गिरणी बसवली. खरेदीखत तेवढं राहिलं. मग कमलनगर तालुका झालं, जागेला भाव आला आणि गडी खरेदीखताचं नाव काढीना. उरलेली रक्कम घेऊन ती दरवर्षी त्याच्या दारात जाई, तो काहीतरी सबब सांगून परत पाठवी.

बिदरच्या मंजुश्री वकीलबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "करार नोंदवलेला आहे, उरलेले पैसे द्यायला तुम्ही तयार आहात. तुम्ही जागेत आहात तोवर ते तुम्हाला बाहेर काढू शकत नाहीत. पण एकदा आपण होऊन जागा सोडलीत, तर हा कायदा तुम्हाला परत आत आणून बसवणार नाही."

यंदा चैत्रात वीरभद्रप्पा चार जाणती माणसं घेऊनच आला.

"माझ्या पोरीचं, शिवगंगाचं लगीन हाय, अक्का. माझ्या बोळात मांडव मावत न्हाई. आठ दिवस घर मोकळं कर, किल्ली दे."

सरुबाईने मनाशी हिशेब केला. पोरीच्या लग्नाला अंगण नाकारलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. त्यात शिवगंगावर तिचा जीव. आणि किल्ली दिली की दहा वर्षं पाण्यात.

"मांडव घाला, अप्पा. लग्नाचं दळण मी फुकट दळून देते. पण मी घरातच ऱ्हाणार, किल्ली माझ्यापाशीच. आन् पत्रिकेत जागा छापा, सरुबाईंचं अंगण."

"ते कामून?"

"पाव्हण्यांना पत्ता नको व्हय?"

चौघांनीही माना डोलावल्या. तिच्यावर दबाव टाकायला आणलेली माणसं, त्यांच्यादेखत वीरभद्रप्पा आता नाही कसं म्हणणार? चांगली जिरली; ताबा कुणाचा, ते आता त्याच्याच पत्रिकेत छापून येणार.

अंगण देणाऱ्याला पत्रिका घरच्या कर्त्याने स्वतः द्यायची, असा रिवाज. एरवी फाटक लोटून सरळ आत घुसणारा वीरभद्रप्पा त्या दिवशी पत्रिका हातात घेऊन बाहेरच थांबला. दळणाला आलेल्या बाया बघत होत्या.

"अक्का, आत येऊ का?"

सरुबाईने गिरणी बंद केली.

"परत एकदा बोला, अप्पा. गिरणीच्या आवाजात ऐकू आलं न्हाई."